बळ आणि दमसास

या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह मंडळाच्या सहकाऱ्यांनी धरला, तेव्हा विषयासाठी मला फार दूर जावे लागले नाही. तो विषय एका पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आला होता. वय चोवीस, खांदे भरदार, आणि दंड असे की रक्तदाब मोजण्याचा नेहमीचा पट्टा पुरेना. कपाटातला मोठा पट्टा काढावा लागला. हा तरुण तुयेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि संध्याकाळी पाळी सुटली की थेट जिममध्ये जात असे. तीन वर्षे त्याने हा नेम मोडला नव्हता.

“दोतोर, माझे हृदय एकदा तपासून द्या,” तो म्हणाला. सरकारी भरतीच्या धावण्याच्या चाचणीत तो मागे पडला होता. शेवटच्या टप्प्यात धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो खाली बसला. “माझ्याबरोबरची काटकुळी पोरे पुढे निघून गेली. मी शंभर किलो खांद्यावर घेऊन बैठका मारतो, आणि मलाच धावता येऊ नये?” या प्रश्नातील दुखावलेपण माझ्या ध्यानात आले. घरी मधुमेही वडील, धाकटी बहीण शिकत असलेली. ती नोकरी त्याला हवीच होती.

परिश्रमाच्या ऐन भरात अंधारी येणे ही तक्रार हसण्यावारी नेण्याची नव्हे. हृदयाच्या स्नायूचा जन्मजात विकार तरुणपणी अशाच वेळी प्रथम प्रकट होऊ शकतो. म्हणून त्याचा हृदयालेख काढला, सोनोग्राफीने हृदयाच्या भिंती व झडपा पाहून घेतल्या. सारे व्यवस्थित होते. रक्तक्षय नव्हता. मात्र बसल्या जागी नाडीचे ठोके मिनिटाला ८६, रक्तदाब १३८/८८ आणि उपाशीपोटी रक्तातील साखर १०८ होती. म्हणजे रोग नव्हता, पण त्या भक्कम देहाच्या आत दमसासाचा पत्ता नव्हता, आणि वडिलांच्या वाटेवरचे पहिले पाऊल पडलेले होते.

“तू कधी धावतोस का?” मी विचारले. तो चकित झाला. “धावलो तर कमावलेले अंग उतरते ना, दोतोर! जिममध्ये सगळे तेच सांगतात.”

मला हसू आले नाही. कारण त्याच वर्षी मीही तेच उत्तर दिले असते. पाठदुखीवर उपाय म्हणून चाळिशीत मी डंबेल्स हाती घेतले आणि पाठ खरोखरच बरी झाली. तेव्हापासून सात वर्षे मी वजने उचलत होतो व स्वतःला तंदुरुस्त समजत होतो. एके रात्री एका वृद्धेला पाहायला जाण्याचा प्रसंग आला. घर वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढून जावे लागे. मी लगबगीने चढलो आणि तिच्या खाटेशी बसून स्टेथोस्कोप कानाला लावला, तर तिच्या श्वासाआधी माझाच श्वास ऐकू येत होता. म्हातारी म्हणाली, “बस पुता, अगोदर तूच पाणी पी.” दुसऱ्या दिवशी मी माझा रक्तदाब मोजला. तो १४६/९४ होता. इतरांना रोज फिरायला जा म्हणून सांगणाऱ्या माणसाने स्वतः किती वर्षांत चालून पाहिले नव्हते, याचा हिशोब त्या दिवशी मांडावा लागला.

तेव्हा वजने उचलणाऱ्याने धावावे, चालावे, सायकल चालवावी की नाही, आणि करायचे तर दोन्हींची सांगड कशी घालावी, हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आलेला नाही. तो त्या तरुणाचा होता आणि माझाही होता.

दोन प्रकारचे ओझे

हृदयावर व्यायामाचा भार दोन निराळ्या तऱ्हांनी पडतो. वजन उचलताना स्नायू घट्ट आकसतात, त्यांच्यातील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि बहुतेक जण नकळत श्वास कोंडून जोर करतात. त्या काही क्षणांत रक्तदाब विलक्षण चढतो. कॅनडातील मॅकडूगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या हाताच्या धमनीत नळी घालून प्रत्यक्ष मोजणी केली. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी दाब ३२०/२५० इतका भरला. वैद्यकमित्रांना हा आकडा वाचून दचकायला होईल. निरोगी तरुणाचे शरीर तो क्षणभर सोसते आणि वजन खाली ठेवताच दाब उतरतो. पण हा दाबाचा भार आहे. त्याला तोंड देताना हृदय जाड भिंतीचे, कणखर होण्याकडे झुकते.

चालणे, धावणे, पोहणे, सायकल या व्यायामांत भार असतो तो प्रवाहाचा. विश्रांतीत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलणारे हृदय निरोगी तरुणाच्या वेगवान धावण्यात २० लिटर किंवा त्याहून अधिक रक्त ढकलते. हा सराव आठवड्यानुआठवडे झाला की हृदयाचा कप्पा अधिक रक्त सामावू लागतो, एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर पडते, आणि म्हणून विश्रांतीत ठोके कमी लागतात. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. पेशींतील तंतुकणिका, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा निर्माण करणाऱ्या भट्ट्या, संख्येने व क्षमतेने वाढतात. याच व्यायामाला जिममध्ये ‘कार्डिओ’ म्हणतात. आपल्याकडे दमसास हा जुना आणि नेमका शब्द आहे.

वजनांचा व्यायाम कमी दर्जाचा, असे मला मुळीच सुचवायचे नाही. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा फार मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. हाडे बळकट राहतात. उतारवयात तोल जाऊन पडण्याचा धोका कमी होतो. परंतु बळ वाढल्याने दमसास आपोआप वाढत नाही. दंडाचा घेर वाढला म्हणून हृदयाचा पल्ला वाढला, असे समजणे म्हणजे घराला उंच कंपाऊंड बांधले म्हणून विहिरीला पाणी वाढेल, अशी आशा करण्यासारखे आहे.

उलट दमसास वाढल्याचा लाभ वजने उचलणाऱ्याला थेट मिळतो. जड वजनाच्या पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. तो साठा दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत पुन्हा भरतो, आणि तो भरण्याचे काम प्राणवायूच्या जोरावर होते. ज्याचा दम चांगला, त्याचा साठा लवकर भरतो. त्याची चौथी फेरी पहिलीसारखी निघते. माझ्या तरुण मित्राला हृदयाच्या हिताच्या गोष्टींपेक्षा हीच गोष्ट अधिक पटली, हे मी प्रांजळपणे नमूद करतो.

अंग उतरण्याची भीती कोठून आली?

ही भीती अगदीच निराधार नाही. तिच्यामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. रॉबर्ट हिक्सन नावाचे अमेरिकन संशोधक स्वतः वजने उचलणारे होते. त्यांचे मार्गदर्शक जॉन होलोझी यांना धावण्याची आवड होती. गुरूबरोबर धावू लागल्यावर आपले कमावलेले स्नायू उतरत आहेत, असे हिक्सन यांना जाणवले, असे सांगितले जाते. पुढे या शंकेचा त्यांनी रीतसर शोध घेतला आणि १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीन गट होते. एकाने दहा आठवडे फक्त बळाचा व्यायाम केला, दुसऱ्याने फक्त दमाचा, आणि तिसऱ्याने दोन्ही. तिसऱ्या गटाचे बळ सुमारे सात आठवडे पहिल्या गटाच्या बरोबरीने वाढत गेले; मग थबकले आणि शेवटच्या दोन आठवड्यांत थोडे घसरले. दमसास मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला.

जिममध्ये तोंडोतोंडी पोहोचला तो या प्रयोगाचा केवळ शेवट. प्रयोगाची मात्रा कोणी सांगत नाही. त्या तिसऱ्या गटाने आठवड्याला पाच दिवस पायांच्या बळाचा व्यायाम केला आणि शिवाय सहा दिवस, दर वेळी चाळीस मिनिटांपर्यंत, दम लागेल अशा जोराने सायकल व धावणे केले. म्हणजे आठवड्याला अकरा सत्रे, आणि सारी तीव्र. त्यातूनही सात आठवडे काही बिघडले नाही! आपण डॉक्टर एखादे औषध मात्रेवाचून वाईट किंवा चांगले ठरवत नाही. मग व्यायामालाच वेगळा न्याय का लावावा?

पेशींच्या पातळीवर या संघर्षाचे स्पष्टीकरणही मिळते. जड वजनांनंतर स्नायूंत प्रथिने रचण्याचा संकेत जागा होतो. प्रदीर्घ दमाच्या व्यायामात ऊर्जा खालावते तेव्हा काटकसरीचा दुसरा संकेत जागा होतो आणि तो पहिल्याला काही काळ मागे ओढतो. थकवा, अपुरे अन्न आणि अपुरी झोप यांची त्यात भर पडली की घसरण दिसू लागते. मात्र प्रयोगशाळेतील या संकेतांवरून चालत्या-फिरत्या माणसाचे अंग उतरेलच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

पुढील संशोधनाने चित्र अधिक स्पष्ट केले. २०१२ साली विल्सन व सहकाऱ्यांनी २१ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. बळाला बाधा येते ती मुख्यतः धावण्याने, सायकलने नव्हे, आणि ती दमाच्या व्यायामाचे दिवस व मिनिटे वाढवावीत तशी वाढते, असे त्यांना दिसले. २०२२ मध्ये शुमान व सहकाऱ्यांनी आणखी व्यापक विश्लेषण केले. त्यात दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने स्नायूंचा आकार किंवा कमाल बळ यांना बाधा आढळली नाही. थोडी बाधा दिसली ती क्षणात उसळणाऱ्या स्फोटक बळाला, आणि तीही विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात केल्यास.

मग ही चिंता कोणी करावी? सांगलीच्या संकेत सरगरने करावी. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने ११३ आणि १३५ मिळून २४८ किलो वजन उचलले. कोपराला दुखापत झाली असतानाही तो शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. सुवर्णपदक मलेशियाच्या स्पर्धकाला २४९ किलोवर मिळाले. एका किलोचा फरक! ज्याचे आयुष्य एका किलोवर तोलले जाते, त्याने स्फोटक बळाचा कणही जपावा, हे रास्तच. पण पाळी सुटल्यावर जिममध्ये जाणारा कामगार, दुकान वाढवून येणारा व्यापारी आणि दवाखाना बंद करून डंबेल्स उचलणारा माझ्यासारखा डॉक्टर यांना त्या एका किलोची चिंता वाहण्याचे कारण नाही. आपले पदक पायऱ्या न धापता चढण्यात आहे.

आपल्या तालमींना तर हा भेद ठाऊकच नव्हता. हेलसिंकीत १९५२ साली स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ज्या कुस्तीच्या परंपरेतून आले, तिच्यात जोर, बैठका, आखाडा खणणे, पळणे आणि प्रत्यक्ष लढत हे सारे एकाच दिनक्रमाचे भाग असत. बळ असूनही दम तुटलेला मल्ल चितपट होतो, हे वस्तादांना प्रयोगशाळेवाचून माहीत होते.

घडी कशी बसवावी?

आता व्यवहाराकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र दमाचा व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस बळाचा. या दोन ओळींच्या मधले ‘आणि’ महत्त्वाचे आहे. तेथे ‘किंवा’ लिहिलेले नाही.

पहिले सूत्र क्रमाचे. दोन्ही एकाच वेळी करायचे असतील, तर बळ हे मुख्य ध्येय असणाऱ्याने आधी वजने उचलावीत, मग दमाचा व्यायाम करावा. थकलेल्या पायांनी जड वजन घेणे हे दुखापतीला आमंत्रण असते. पाच-सात मिनिटे अंग गरम करण्यापुरते आधी चालणे वेगळे. ते अवश्य करावे. शक्य असेल तर सकाळी एक व संध्याकाळी दुसरा, असे काही तासांचे अंतर ठेवणे अधिक चांगले.

दुसरे सूत्र पायांचे. ज्या दिवशी पायांच्या जड बैठका झाल्या, त्या दिवशी व शक्यतो दुसऱ्या दिवशीही जोरात धावू नये. तेव्हा सपाटीवर सावकाश चालावे किंवा विश्रांती घ्यावी.

तिसरे सूत्र गतीचे. दमाच्या व्यायामाचा मोठा भाग सौम्य असावा. किती सौम्य? चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. आकडा हवा असेल, तर वयाला ०.७ ने गुणून ती संख्या २०८ मधून वजा करावी. हे नाडीच्या ठोक्यांचे अंदाजे कमाल प्रमाण. माझ्या तरुण मित्राचे ते १९१ येते, तेव्हा ४७ वर्षांच्या माझे १७५ येत होते. त्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे त्याने मिनिटाला साधारण ११५ ते १३४ आणि मी १०५ ते १२३ ठोक्यांच्या दरम्यान राहावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर हा हिशोब लागू पडत नाही. तेथे बोलण्याची कसोटीच खरी.

आम्ही दोघांनी बसवलेला आठवडा असा होता. सोमवारी छाती, खांदे व पाठ यांची वजने आणि शेवटी वीस मिनिटे सायकल. मंगळवारी चाळीस मिनिटे झपझप चालणे. बुधवारी फक्त पायांची वजने. गुरुवारी विश्रांती. शुक्रवारी पुन्हा वरच्या अंगाची वजने आणि वीस मिनिटे सायकल. शनिवारी चढ, त्याविषयी पुढे सांगतो. रविवारी पंचेचाळीस मिनिटे रमतगमत चालणे. शनिवारची तीस मिनिटे धरून ही बेरीज १५५ होते. म्हणजे वजनांचे तिन्ही दिवस अबाधित राखून शिफारशीचा आकडा गाठता येतो. दिवस कमी मिळत असतील, तर दोन दिवस वजने व तीन दिवस चालणे एवढ्यानेही उत्तम सुरुवात होते.

शनिवारच्या चढासाठी आपल्या गावाला कोणत्याही यंत्राची उणीव नाही. पेडण्यात सपाट रस्ता शोधावा लागतो, चढ शोधावा लागत नाही. दोन मिनिटे दम लागेल अशा वेगाने चढायचे, श्वास जागेवर येईपर्यंत सावकाश उतरायचे, पुन्हा चढायचे. पहिल्या आठवड्यात तीन खेपा पुरेत. दर पंधरवड्याला एकेक वाढवून सहापर्यंत जावे. चढावर धावण्यापेक्षा झपझप चढणे बरे, कारण सपाटीवरील धावण्यात गुडघ्यांना बसणारे दणके त्यात फार कमी असतात आणि हृदयाला मात्र भरपूर काम मिळते. जड देहाच्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. ज्याला धावण्याचीच चाचणी द्यायची आहे, त्याने अर्थातच हळूहळू धावण्याचा सरावही वाढवावा. आमच्या तरुणाने सहाव्या आठवड्यापासून मंगळवारच्या चालण्यात धावण्याचे छोटे तुकडे घातले.

आपल्या हवेचा विचार केल्याशिवाय ही घडी पुरी होत नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि तेवढ्याच श्रमाला नाडी अधिक चढते. एप्रिल-मे महिन्यांत उजाडताना किंवा सूर्य कलल्यावरच चालावे, सोबत पाणी ठेवावे, आणि नाडी चढलेली दिसली तर वेग कमी करावा. त्यात हार नाही. शापोरा नदीकाठचा वारा व शेताच्या बांधावरची वाट मन प्रसन्न करते, पण पावसाळ्यात पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाऊ नये. लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण पाहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांना याचे कारण सांगायला नको. जून ते सप्टेंबर घरातील जिना किंवा जिममधली सायकल हाच शहाणपणाचा मार्ग.

आहाराविषयी थोडक्यात. अंग उतरते ते पुष्कळदा धावण्यामुळे नव्हे, तर वाढलेल्या श्रमाच्या मानाने जेवण न वाढवल्यामुळे. बळाचा व्यायाम करणाऱ्याला दिवसाकाठी शरीराच्या दर किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. आपले बांगडे, तारले, अंडी, दूध, चवळी, अळसांदे आणि मूग यांतून ती सहज मिळू शकतात. महागड्या डब्यांची गरज बहुतेकांना नसते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. आणि रात्रीची सात तास झोप हीही व्यायामाचाच भाग समजावी.

सावधगिरीचे चार शब्द

चाळिशी उलटलेल्या, मधुमेह वा रक्तदाब असलेल्या, धूम्रपान करणाऱ्या, किंवा घरात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू झालेला आहे अशा व्यक्तीने तीव्र व्यायामापूर्वी तपासणी करून घ्यावी. श्रम करताना छातीत दडपण, जबडा वा हातात कळ, अंधारी किंवा अकारण धडधड जाणवल्यास तेथेच थांबावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये. जोर लावताना श्वास सोडावा. अंगात ताप असताना व्यायाम मुळीच करू नये. विषाणूंचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत पोहोचला असेल, तर त्या वेळचे श्रम जिवावर बेतू शकतात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी लिहिलीच पाहिजे. अंग झटपट भरावे म्हणून घेतली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने रक्तदाब चढवतात, हितकर कोलेस्टेरॉल घटवतात, हृदयाचा स्नायू जाड व दुबळा करतात आणि पुरुषाचे वंध्यत्वही ओढवू शकतात. तरुण रुग्ण हे आपण होऊन सांगत नाही. आपण विचारले पाहिजे, आणि ते दटावण्याच्या सुरात नव्हे.

आपल्या गोव्याला याची निकड का?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात मधुमेहाचे सरासरी प्रमाण ११.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण होते गोव्याचे, २६.४ टक्के. म्हणजे साधारण दर चार प्रौढांमागे एक. हा आकडा वाचला त्या दिवशी मला तो दूरचा वाटला नाही. माझ्या दवाखान्याच्या बाकावर तो रोज सकाळी बसलेला असतो.

आणि नेमक्या याच रोगात दोन्ही व्यायामांच्या सांगडीचा लाभ उत्तम सिद्ध झाला आहे. कॅनडातील सिगल व सहकाऱ्यांनी २००७ साली २५१ मधुमेहींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ दमाच्या किंवा केवळ बळाच्या व्यायामानेही तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण घटले, परंतु दोन्ही करणाऱ्यांत ते सर्वाधिक घटले. तेथे दोन्ही करणाऱ्यांचा एकूण वेळही अधिक होता, अशी शंका कोणी घेईल. २०१० साली अमेरिकेतील चर्च व सहकाऱ्यांनी २६२ मधुमेहींवर नऊ महिने अभ्यास केला. त्यांनी तिन्ही गटांचा वेळ जवळपास सारखा राखला, तरीही साखरेत लक्षणीय घट दिसली ती दोन्ही मिळून करणाऱ्या गटातच. एकूण वेळ तोच, फक्त वाटणी निराळी!

वैद्यकमित्रांनो, ‘व्यायाम करा’ एवढे दोन शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो! औषधाच्या चिठ्ठीवर आपण ‘गोळी घ्या’ असे लिहीत नाही. कोणती, किती, केव्हा आणि किती दिवस, हे लिहितो. व्यायामाची चिठ्ठीही तशीच असावी : कोणते दिवस चालणे, कोणते दिवस वजने, किती मिनिटे, कोणत्या गतीने. आणि ती केवळ पुरुषांसाठी नव्हे. आमच्या माताभगिनींना वजने उचलायला सांगितले की त्या हसतात. पण रजोनिवृत्तीनंतर ठिसूळ होणाऱ्या त्यांच्या हाडांना बळाच्या व्यायामाची गरज पुरुषांहून अधिक आहे. दमसासाचे तर त्यांच्याकडे पिढीजात साधन आहे. चवथीतील फुगडी ज्याने एकदा मनापासून पाहिली, त्याला तीव्र कार्डिओ म्हणजे काय, हे वेगळे समजावण्याची गरज नाही. दुःख एवढेच की ती वर्षातून थोडेच दिवस रंगते.

शेवटी, आरंभीच्या तरुणाकडे येतो. सोळा आठवड्यांनी तो आला तेव्हा विश्रांतीतील नाडी ८६ वरून ७२ वर आली होती, उपाशीपोटीची साखर ९७ होती आणि रक्तदाब १२६/८०. खांद्यावरचे शंभर किलो तसेच होते. उलट पाच किलो वाढले होते. पुढच्या भरतीत त्याने धावण्याचा टप्पा वेळेत पार केला. लेखी परीक्षेत मात्र या खेपेस तो थोडक्यात हुकला, आणि आता तिच्या अभ्यासाला बसतो आहे. त्या बाबतीत माझ्याकडे औषध नव्हते.

माझा स्वतःचा रक्तदाब एका गोळीच्या आणि रोजच्या चालण्याच्या आधाराने १३० च्या आसपास आहे. ती वृद्धा पुढे बरी झाली. तिच्या घराच्या पायऱ्या मी आजही चढतो, सावकाश पण न थांबता. पाणी मात्र ती अजूनही आधी मलाच देते.

त्या दिवशी तपासणी आटोपल्यावर तरुणाने थोडे संकोचून विचारले, “दोतोर, दंड उतरला तर नाही ना?” मी टेबलाकडे बोट दाखवले. रक्तदाब मोजायला त्याही दिवशी मोठाच पट्टा लागला होता.